तोडणीची यादी

गेल्या महिन्यात कॉलेजच्या ग्रुपवर निरोप आला. कॉम्प्युटर सायन्स विभागाची स्मरणिका निघणार आहे, माजी विद्यार्थ्यांनी आपलं मनोगत दोनशे शब्दांत पाठवावं, सोबत पासपोर्ट आकाराचा फोटो. खाली नमुनाही जोडला होता. पहिलं वाक्य 'या महाविद्यालयाने मला घडवले', शेवटचं वाक्य संस्थेच्या आणि साहेबांच्या आभाराचं. मधली जागा आपण भरायची. संध्याकाळपर्यंत निम्म्या वर्गाने ती भरूनही टाकली. सगळेच घडले होते.

मीही लिहायला बसलो. पहिलं वाक्य लिहिलं आणि पुढे हात चालेना. ते वाक्य खरं होतं, हीच अडचण होती. मला त्या कॉलेजने घडवलंच आहे, पण कसं घडवलं हे स्मरणिकेत छापलं तर विभागप्रमुखांना घरी बसावं लागेल. त्यांच्या पोटावर कशाला पाय द्या. म्हणून इथे लिहितो, आणि दोनशे शब्दांत मावणार नाही हे आधीच सांगतो.

कॉलेज साखर कारखान्याचं होतं. कागदोपत्री संस्था वेगळी, पण कारखान्याचे चेअरमन तेच संस्थेचे अध्यक्ष, आणि दूध संघ त्यांच्या पुतण्याकडे. त्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणायचे, प्राचार्यसुद्धा. आमची इमारत कारखान्याच्या मागच्या अंगाला होती. गाळप सुरू झालं की मळीचा वास वर्गात येऊन बसायचा आणि उसाच्या चोथ्याचा भुसा उडून लॅबमधल्या कीबोर्डांत शिरायचा. लॅबमध्ये कॉम्प्युटर वीस, त्यातले चालू अकरा. शिकवणारे बहुतेक तासिकेवरचे. एस.टी.ने यायचे आणि परतीच्या एस.टी.कडे डोळा ठेवून शिकवायचे. परळीहून येणारे एक सर सॉर्टिंगचे प्रोग्रॅम वहीत उतरवून द्यायचे, स्वल्पविरामासकट. 'सर, चालवून बघू का?' असं कुणी विचारलं की म्हणायचे, 'चालतो तो. लिहून घ्या.' परीक्षेतही प्रोग्रॅम पेनानेच लिहायचा, पट्टीने समास मारून. तीन वर्षांत मी जेवढे प्रोग्रॅम कागदावर लिहिले त्याच्या निम्मेही यंत्रावर चालवले नसतील.

त्यात शेवटचं वर्ष दुष्काळाचं निघालं. होस्टेलला टँकर चार दिवसांनी यायचा आणि आला तरी वरच्या मजल्यावर पाणी चढायचं नाही. लॅबमध्ये मात्र एक एसी होता, कॉम्प्युटर तापू नयेत म्हणून. त्याच्या नळीतून पाणी ठिबकायचं. दिवसाकाठी एक बादली भरायची. आधी ती शिपाई घरी न्यायचा, मग पोरांनी भांडून पाळ्या लावल्या. माझी पाळी मंगळवारी असायची. कॉम्प्युटर सायन्स घेतल्याचा मला झालेला पहिला प्रत्यक्ष फायदा म्हणजे मंगळवारी धुतलेला सदरा.

त्या लॅबमध्ये खऱ्या अर्थाने शिकलेला एकच पोरगा होता, तो म्हणजे प्रोजेक्टमधला माझा जोडीदार. एकच खोली, एकच बाक, डबाही एकच. त्याचं गाव कालव्याच्या काठी, वडिलांचा दोन एकर ऊस. कालव्याला दोन वर्षांत पाणी आलं नव्हतं, पण मी त्याला 'बागायतदार' म्हणून चिडवायचो. तो मला 'कोयता' म्हणायचा. माझं गाव पाटोद्याकडे डोंगरात, आणि माझे आई-वडील दसरा झाला की ऊस तोडायला कर्नाटकात जायचे, ते उन्हाळा लागल्यावर परतायचे. लहानपणी मला आजीजवळ ठेवायचे, पुढे वसतिगृहात. माझ्या आठवणीत आईसोबतची दिवाळी एकही नाही.

आईचं सांगायला हवं, कारण पुढे मी जे केलं ते तिच्या नावाखाली केलं. तिची गर्भपिशवी तिशीच्या आतच काढलेली. आमच्याकडच्या बायकांत ही काही बातमी नव्हे. फडात पाळी नको, दुखणं नको, खाडा नको म्हणून डॉक्टर सांगतो आणि बाई पिशवी काढून मोकळी होते. त्यानंतर तिची कंबर गेली, तरी उसाची मोळी डोक्यावर घेऊन ती फळीवरून ट्रकमध्ये चढायचीच. त्या वर्षी जाताना ती मला म्हणाली होती, 'एवढं साल गेलं की तू कमावशील, मग न्हाई जायची मी.' मी म्हणालो, 'न्हाई जाऊ देणार.' शेवटच्या वर्षात माझ्या डोक्यात एवढंच होतं. आईच्या हातातला कोयता सोडवायचा.

आता प्रोजेक्ट. वर्गातल्या बाकीच्यांनी तो विकत आणला. शहरात दुकानं असतात, तिथे प्रोग्रॅम, छापील अहवाल, काळं कव्हर आणि त्यावर सोनेरी अक्षरं असं सगळं तयार मिळतं, फक्त नावं बदलायची. त्या वर्षी आमच्या वर्गात 'ग्रंथालय व्यवस्थापन' या विषयावर पाच प्रोजेक्ट होते. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाला कुलूप होतं. जोडीदार म्हणाला, 'विकतचा न्हाई करायचा बे. लाज वाटंल असलं कावून करायचं? आपुन तोडणीच्या यादीचा करू.'

तोडणीची यादी म्हणजे कुणाचा ऊस कधी तोडायचा याचा क्रम. सभासदाने लागवड केली की कारखान्यात नोंद होते. ज्याची लागवड आधी, त्याचा ऊस आधी तोडायचा, असा नियम. नियम सगळ्यांना पाठ, पण यादी व्हायची कारखान्याच्या शेतकी खात्यात, जाड रजिस्टरमध्ये, हाताने. त्या रजिस्टरमध्ये शाईपेक्षा खोडायचा पांढरा रंग जास्त होता. चांगल्या सालात चार आठ दिवस मागंपुढं झालं तर माणूस शिव्या घालून गप्प बसतो. त्या साली तसं नव्हतं. विहिरींनी तळ गाठलेला, आसपासचे दोन कारखाने बंद, त्यांच्या हद्दीतला ऊसही आमच्याच दारात. महिनाभर उशीर म्हणजे उभा ऊस जागेवर वाळून जाणार. जोडीदाराच्या वडिलांचा दोन एकर ऊस बोअरच्या शेवटच्या पाण्यावर उभा होता. तो वेळेत तुटला तर हा पुढे शिकायला पुण्याला जाणार, नाही तर नाही, हे त्याच्या घरात ठरलेलं होतं.

विभागप्रमुखांना कल्पना फार आवडली, कारण साहेबांना आवडेल असं त्यांना वाटलं. ते स्वतः आम्हाला शेतकी अधिकाऱ्यांकडे घेऊन गेले. दिवाळीच्या सुट्टीत सगळी पोरं गावाला गेली आणि आम्ही दोघं रजिस्टरं घेऊन लॅबमध्ये बसलो. एक वाचायचा, दुसरा टाइप करायचा. नाव, गाव, गट नंबर, उसाची जात, लागवडीची तारीख. पांढऱ्या रंगाखालची तारीख उजेडाकडे धरून वाचता येते, हा शोध जोडीदाराचा. खालची खरी तारीख दिसली की तो वरची सोडून तीच टाकायला लावायचा. क्रम लावायचा भाग त्याने एकट्याने लिहिला, परळीच्या सरांनी उतरवून दिलेला न वापरता. पहिल्यांदा यादी पडद्यावर आली तेव्हा तो खुर्चीवरून उठून लॅबभर फिरला. 'बग बे,' म्हणाला, 'इथं कुणी आमदाराचा पाव्हना न्हाई, कुणी चेअरमनचा भाऊबंद न्हाई. निस्ती तारीख.'

हंगाम सुरू होताना ती यादी छापून गट ऑफिसच्या भिंतीला लावली. लोक आपलं नाव शोधत, बोट टेकवत होते. तारीख समोरच छापलेली, त्यामुळे भांडायला जागा नव्हती. जोडीदाराच्या वडिलांचा नंबर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात होता. त्याने गावात जाऊन पारावर सगळ्यांना समजावून सांगितलं की यंदा कुणाच्या दारात जायचं काम नाही, कॉम्प्युटरमध्ये क्रम लागलाय, तो कुणाला हलवता येत नाही. लोकांना ते पटलं. कॉलेजात शिकलेला आपला पोरगा सांगतोय म्हटल्यावर पटणारच.

पंधरा दिवसांनी शेतकी अधिकाऱ्यांनी बोलावलं, मला एकट्याला. जोडीदार गावाकडे गेला होता, बोअरमधली मोटर आणखी खाली सोडायला. अधिकारी चांगले बोलायचे, आवाज कधी चढवायचे नाहीत. चहा मागवला. घरचं विचारलं.

'आई-वडील काय करतात?'

'तोडीला गेलेत सर. कर्नाटकात.'

'आपला कारखाना असताना कर्नाटकात?' ते हसले. 'बरं, आपल्याकडं कॉम्प्युटरला एक जागा काढायचं चाललंय. साहेब म्हणले, बाहेरचा नको, आपलाच पोरगा बघा.' मग चहा संपेपर्यंत ते दुसरंच काही बोलत राहिले. कप खाली ठेवल्यावर म्हणाले, 'यादी तुमची चांगलीच हाय. फक्त एक बारीक सोय पाहिजे. कधी कधी अडचण असती. कुणाच्या घरी लग्न, कुणाचा ऊस रस्त्याकडंला. अशाला वर घेता आलं पाहिजे. एक रकाना वाढवा. आणि ती लागवडीची तारीख छापू नका, कागद लई जातो. नाव, गाव, तोडणीचा दिवस, बास.'

मला सगळं कळलं. न कळायला मी काही लहान नव्हतो. मी फक्त एवढंच विचारलं, 'जोडीदाराला सांगू का?' ते म्हणाले, 'कशाला? जागा एकच हाय.'

मी तिथेच त्यांच्या कॉम्प्युटरवर बसलो. नोंदींच्या तक्त्यात एक रकाना वाढवला आणि त्याला 'प्राधान्य' असं नाव दिलं. ज्याच्या नावासमोर आकडा असेल तो वर येईल, मग त्याची लागवड कधीचीही असो. छापायच्या नमुन्यातून तारीख काढून टाकली. तासाभराचंही काम नव्हतं. पहिल्याच फटक्यात चाललं. माझ्या तीन वर्षांच्या शिक्षणात पहिल्या फटक्यात चाललेला तो एकमेव प्रोग्रॅम, आणि त्याला काही गुण नव्हते. अधिकाऱ्यांनी माझ्यादेखत कारकुनाला बोलावून पाचपन्नास नावांसमोर आकडे टाकून घेतले. आडनावं बहुतेक दोन-तीनच होती.

त्या दिवसापासून यादी कारखान्यातच छापली जाऊ लागली, दर आठवड्याला नवीन. जोडीदार भिंतीवरचा कागद बघायचा आणि नंबर मागे गेलेला दिसला की हिशेब मांडायचा. तोडणीच्या टोळ्या कमी आल्यात, दोन दिवस मिल बंद होती, बाहेरच्या हद्दीतला ऊस वाढला. तारखेचा रकाना गेला तोही कागद वाचवायला असेल म्हणाला. प्रत्येक वेळी त्याला कारण सापडायचं. हुशार पोरगा, कारणं काढायला त्याला वेळ लागायचा नाही. प्रोग्रॅमवर त्याने संशय घेतला नाही, कारण तो त्याने लिहिला होता. माझ्यावर घेतला नाही, कारण आमचा डबा एक होता.

जानेवारीचा दुसरा आठवडा गेला. तिसरा गेला. एके दुपारी त्याचे वडील होस्टेलवर आले. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात फडक्यात गुंडाळलेलं उसाचं एक कांडं. ते त्यांनी खाटेवर ठेवलं. वरच्या पेराला पोकळी धरायला लागली होती.

'बोअर बंद पडला परवा,' ते म्हणाले. 'छावणीवाले आलते. जनावराला चारा म्हनून नेत्यात, आजच्या आज ट्रॅक्टर लावतो म्हनले. अजून हिरवा हाय तवर घेतील. देऊन टाकू का?'

'न्हाई अण्णा,' जोडीदार म्हणाला. 'कारखान्याला गेला तर ऊस म्हनून जाईल, छावणीला गेला तर कडबा म्हनून जाईल. आपला नंबर लागलाय. आठ दिवसाचा परश्न हाय.'

'तू म्हनतोस तर ठेवतो. पर नंबर येईल ना?'

'कंप्यूटरमधी हाय अण्णा. जाईल कुठं?' आणि तो माझ्याकडे वळला. 'सांग बे अण्णाला.'

मला त्यांचा खरा नंबर माहीत होता. आदल्याच दिवशी कारखान्यात गेलो होतो तेव्हा, अजून भिंतीवर न लागलेल्या नव्या यादीत, ते मार्चमध्ये गेले होते. आणि शेतकी अधिकारी फोनवर कुणाला तरी सांगत होते की पाणीच नाही, कारखाना फेब्रुवारीच्या पुढे ओढणं कठीण आहे. म्हणजे त्यांचा नंबर येणारच नव्हता. 'काका, आजच छावणीला देऊन टाका,' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. कारण सांगायचीही गरज नव्हती. ते पाच मिनिटांत उठून गेले असते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी विचार केला की आत्ता हे बोललो तर 'का' म्हणून हा विचारेल, आणि मग जागाही जाईल आणि हाही जाईल. आईचं नाव घेतलं मनातल्या मनात. तिचं नाव असं वापरायची मला सवय लागत चालली होती.

'येईल काका,' मी म्हणालो. 'नंबर येईल.'

त्यांनी ते कांडं पुन्हा फडक्यात गुंडाळलं आणि गेले.

फेब्रुवारीच्या शेवटी कारखान्याने हंगामाची सांगता केली. शेवटच्या पोत्याची पूजा झाली, कॉलेजच्या पोरांनाही बुंदी वाटली. जोडीदार गावाकडे गेला आणि चार दिवसांनी आला. ऊस चिपाड होऊन गेला होता, छावणीवालेसुद्धा बघून माघारी फिरले. शेवटी बापलेकांनी उभं रान पेटवून दिलं, दुसऱ्या पिकासाठी तरी मोकळं व्हावं म्हणून. हे त्याने मला खोलीवर सांगितलं. म्हणाला, 'माझ्यामुळं झालं बे. त्यांनी विचारलं व्हतं.' मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. असला हात ठेवता येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मार्चमध्ये प्रोजेक्टची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे काजूची बशी होती. सकाळपासून त्यांनी पाच ग्रंथालयं बघितली होती, त्यामुळे आमचा विषय ऐकून ते जरा सावरून बसले. जोडीदाराने सगळं समजावलं. आवाजात पूर्वीचा जोर नव्हता, पण बोलला नीट. कॉलेजच्या यंत्रावर ठेवायची प्रत मीच कारखान्यातून आणून टाकली होती, ताजी असावी म्हणून. घाईत तो वाढवलेला रकाना काढायचा राहिला आणि तिथली चालू प्रत तशीच आणली. चोराची घाई, दुसरं काय. परीक्षक म्हणाले, 'तक्ता उघडून दाखवा.' जोडीदाराने उघडला. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

'हा प्राधान्य रकाना कशासाठी?'

जोडीदार पडद्याकडे बघत राहिला. त्या रकान्यात आकडे होते, आणि आकड्यांसमोर नावं होती. मी पुढे होऊन म्हणालो, 'सर, अपवादात्मक परिस्थितीसाठी.' परीक्षक म्हणाले, 'वा. वास्तवाचा विचार केलाय.' आणि आमच्या नावापुढे वर्गातले सर्वांत जास्त गुण मांडले.

बाहेर व्हरांड्यात जोडीदार भिंतीला टेकून उभा राहिला. मला वाटलं मारेल. मारावं असंही वाटलं.

'कधी टाकला?' त्याने विचारलं.

'नोव्हेंबरात. तू गावाला गेलतास तेव्हा.'

'अण्णा आलते तेव्हा व्हता?'

'व्हता.'

त्याने मान हलवली. मग खोलीवर जाऊन आपली गादी गुंडाळली आणि खालच्या मजल्यावर दुसऱ्या पोरांच्यात गेला. कुणाला काही सांगितलं नाही. डबा तेवढा वेगळा झाला.

नोकरी मला मिळाली. ती किती टिकली तेही सांगून टाकतो. पुढच्या साली पाऊस त्याहून कमी झाला आणि कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. कारखान्यातल्या कॉम्प्युटर विभागाला आधी टाळं लागलं. दसऱ्यानंतर आई पुन्हा टोळीबरोबर गेली. ट्रॅक्टरमध्ये चढताना मी तिला हात द्यायला गेलो तर म्हणाली, 'राहू दे, सवय हाय.' म्हणजे ज्यासाठी केलं तेही हाती लागलं नाही. पण मला हे आधी माहीत असतं तर मी वेगळं वागलो असतो असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. तेवढं खोटं आता बोलणार नाही.

तोंडी परीक्षेनंतर आठ दिवसांनी निरोप समारंभ होता. कारखान्याच्या आवारात मंडप, व्यासपीठावर साहेब, पुढच्या रांगेत पालक. माझे आई-वडील अजून फडातच होते. ज्यांचे प्रोजेक्ट उत्तम ठरले त्यांचा सत्कार शाल-श्रीफळ देऊन. साहेब भाषणात म्हणाले की आपल्याच पोरांनी आपल्याच कारखान्यासाठी ही यादी तयार केली, यंदा पहिल्यांदा सभासदाला पारदर्शक न्याय मिळाला. टाळ्या झाल्या. आम्ही दोघं व्यासपीठावर शेजारी शेजारी उभे राहून शाली घेतल्या. मग एकेकाने मनोगत सांगायचं होतं. जोडीदार माइकसमोर गेला, 'सर्वांचे आभार' एवढंच म्हणाला आणि खाली उतरला. मी मात्र पाच मिनिटं बोललो. विभागप्रमुखांनी तपासून दिलेला कागद होता, तो वाचला. या महाविद्यालयाने मला घडवले, असंच त्यातही पहिलं वाक्य होतं.

जेवणाच्या वेळी काका मला शोधत आले. मागे चार पावलांवर जोडीदार होता, शाल काखेत मारलेली. काकांनी मला मंडपाच्या बाजूला घेतलं.

'पोरा, ह्यो काई बोलत न्हाई. आठ दिस झाले, घरी आला की निस्ता बसून ऱ्हातो. तू सांग. ती यादी खरी व्हती का?'

मी जोडीदाराकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. तो वाट बघत होता. त्याने मला एक संधी दिली होती, हे मला तेव्हाही कळलं होतं आणि आजही तेवढंच स्वच्छ कळतं. नोकरीचा कागद माझ्या खिशात होता.

'खरी होती काका,' मी म्हणालो. 'तारखेप्रमाणंच होती.'

त्यांनी मोठा श्वास सोडला. चेहरा एकदम मोकळा झाला. 'मग बरं झालं बाबा. लई दिवस मनात किल्मिष व्हतं. साहेबाला मी गावात चारचौघांत वंगाळ बोललो. म्हनलं, साहेबानं सोताच्या भाऊबंदाचा ऊस आधी नेला. आपला नंबरच आला न्हाई, त्याला त्यांनी तरी काय करावं?' त्यांनी माझ्या गालाला हात लावला. 'आईला सांग, पोरगं चांगलं शिकलं.'

आणि मग त्यांनी टोपी नीट केली आणि ते मंडपात परत गेले. साहेब जेवणाच्या ताटावर बसले होते. काका त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, हात जोडले, आणि काहीतरी बोलत कमरेतून खाली वाकले. साहेबांना हा कोण, कशाबद्दल बोलतोय, काही कळलेलं दिसलं नाही. त्यांनी डाव्या हाताने काकांच्या पाठीवर थोपटलं आणि वाढप्याला त्यांच्यासाठी पान मांडायला सांगितलं. मी आणि जोडीदार हे सगळं उभे राहून बघत होतो. आमच्या दोघांपैकी कुणीही त्यांना अडवलं नाही.